शिनेड ओकॉनर: फोटोच्या पलीकडे (अनुभव धागा)

आयरिश गायिका शिनेड ओकॉनर २६ जुलै २०२३ रोजी गेली, वयाच्या ५६व्या वर्षी. आमच्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींत तेव्हा जो तो दोनच गोष्टी काढत होता, एक गाणं ('नथिंग कंपेअर्स टू यू') आणि एक फोटो. ३ ऑक्टोबर १९९२ ला अमेरिकेतल्या 'सॅटरडे नाईट लाईव्ह' या टीव्ही कार्यक्रमात तिने रेगे गायक बॉब मार्लीचं 'वॉर' हे गाणं वाद्यांशिवाय म्हटलं, त्यात मुलांच्या छळाचा उल्लेख घातला आणि पोप जॉन पॉल दुसरे यांचा फोटो कॅमेऱ्यासमोर फाडला. तालमीत तिच्या हातात वेगळाच, एका मुलाचा फोटो होता. फाडलेला फोटो तिच्या आईच्या खोलीतला, आणि ती आई तिला बेदम मारायची, हे तिनेच पुढे लिहिलं. पण तोवर 'वेडी' म्हणून तिची वासलात लावून झाली होती.

गोव्यात तिला कुणी कसं ऐकलं, कुठल्या घरात तिच्यावरून वाद झाले, आज काय वाटतं, ते मोकळेपणी लिहा. माझं मत आधीच सांगतो. 'चर्चमधल्या मुलांच्या छळाबद्दल ती बरोबर निघाली' एवढं म्हणून तिला न्याय मिळत नाही. ती गायची कशी, हे परत ऐकायला हवं.

म्हापसा

नव्वद साली बाजारात आमचं कॅसेटचं दुकान होतं. 'नथिंग कंपेअर्स टू यू' मुळात अमेरिकी गायक प्रिन्सचं, हे गिऱ्हाइकांना सांगूनही पटत नसे, इतकं ते तिचं होऊन गेलं होतं. कळंगुटच्या हॉटेलांत गाणारी एक मुलगी यायची आणि काउंटरला टेकून एकच ओळ मागे घेऊन घेऊन ऐकायची. शिनेड कुजबुजता कुजबुजता एकदम खुल्या आवाजात जाते, मधे पायरीच नाही. ती जागा त्या मुलीला हवी होती. शेवटी तिथे टेपला सुरकुती पडली. पेन्सिल घालून गुंडाळून नीट केली, तरी कॅसेट लावली की त्या ओळीवर आवाज क्षणभर बुडायचा.

फोटोची बातमी आल्यावर 'तिची कॅसेट ठेवू नका' असं सांगायला काही जण आले होते. वडिलांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि कॅसेट फळीवर होती तिथेच ठेवली.

पणजी, सांतिनेज

आमच्या शेजारणीच्या हॉलमध्ये पोपचा फोटो असे. फेब्रुवारी १९८६ मध्ये ते गोव्यात आले तेव्हा ती कांपालच्या मैदानावर मिसेला (ख्रिस्ती सामुदायिक प्रार्थनेला) गेली होती. पहाटेपासून जागा धरून बसली होती, हे ती अजून अभिमानाने सांगते. शिनेडचं नाव काढलं की ती उठून आत जायची. आम्ही हिंदू, त्यात काय बोलणार? विषय टाळायचो.

मे २००९ मध्ये आयर्लंडमधल्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. धार्मिक संघांच्या ताब्यातल्या संस्थांत मुलांचे अनेक दशकं कसे हाल झाले, ते त्यात नोंदलेलं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तेव्हाचे पोप बेनेडिक्ट यांनी आयरिश कॅथलिकांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. एके संध्याकाळी शेजारीण आपण होऊन म्हणाली, "पाप सायब म्हजो. पूण तीं भुरगीं कोणाचीं?" (पोप माझेच. पण ती मुलं कुणाची?) फोटो फाडणं तिला आजही मान्य नाही. तिच्या भिंतीवर तो अजून आहे आणि ते योग्यच आहे. दोन्ही गोष्टी एका माणसात नांदू शकतात, हे मी तिच्याकडून शिकले.

डिचोली

वर सगळं १९९२ वर चाललंय. मला २०१७ बद्दल लिहायचंय. त्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या मोटेलच्या खोलीतून तिने रडत रडत एक व्हिडिओ टाकला होता. मी एकटी पडलेय, घरात कुणी मनाने आजारी असेल तर त्याला टाकू नका, दवाखान्यात भेटायला जा, असं ती सांगत होती. लोकांनी तो तमाशा म्हणून पाहिला. मी तो आईला दाखवला, कारण माझा भाऊ तेव्हा दवाखान्यात होता आणि नातेवाइकांपैकी कुणी फिरकलं नव्हतं.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात भाऊ सारखा सांगत होता, पडवीच्या वाशाला वाळवी लागलीय. मोठ्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. 'तो गोळ्यांवर आहे, त्याचं काय ऐकायचं.' भर श्रावणात वासा कौलांसकट खाली आला.

म्हणून 'ती वेडी नव्हतीच, द्रष्टी होती' असं कुणी लिहिलं की मला त्रास होतो. ती खरोखर आजारी होती. २००७ मध्ये तिने अमेरिकी मुलाखतकार ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात बायपोलर या मनाच्या आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं, नंतर ते निदान चुकल्याचंही तीच म्हणाली. जानेवारी २०२२ मध्ये तिचा सतरा वर्षांचा मुलगा गेला, त्या दुःखातून ती बाहेर आली नाही. आजारी माणूस खरं बोलू शकतो. त्यासाठी आधी त्याचा आजार खोटा ठरवायची गरज नाही.

वास्को

एक गोष्ट राहतेय. २०१८ मध्ये इस्लाम स्वीकारल्यावर ती मुस्लिमेतरांबद्दल फार वाईट बोलली होती. पुढे माफी मागितली. पुनर्मूल्यांकन करायचं तर हेही धाग्यात हवं.

माशेल

मी शास्त्रीय शिकते, तिचा काळ माझा नव्हे. आमच्या बाईंनी १६ ऑक्टोबर १९९२ चं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधलं चित्रण दाखवलं, गायक बॉब डिलनच्या सन्मानाच्या मैफलीतलं. ती आली आणि हुर्यो सुरू झाली. वाद्यवृंदाने ठरलेलं गाणं सुरू केलं तर ती हातानेच थांबवते आणि परत 'वॉर' उचलते, जवळजवळ ओरडून. खाली सुराला काही नाही, समोर हजारोंचा गोंगाट. तानपुरा काढून घेतला तर आमची दोन मिनिटांत गाळण उडते. ती शेवटपर्यंत जाते, मग गायक क्रिस क्रिस्टॉफरसनच्या मिठीत रडते.

पहिला अल्बम १९८७ चा, तेव्हा ती वीस वर्षांची आणि त्याची निर्मितीही तिचीच. कंपनीला लांब केस, तोकडे स्कर्ट हवे होते, तर तिने डोकंच भादरलं. पण माझ्यासाठी तिची मोठी गोष्ट २००२ ची: 'शॉन-नोस नुआ', जुन्या आयरिश लोकगीतांचा अल्बम. तो कुणाकडे मूळ सीडीवर आहे का? आतली पुस्तिका हवी आहे. सांतिनेजच्या ताईंच्या शेजारणीलाही तो ऐकवावा, असं फार वाटतं.