‘सिडेशन’ला काय म्हणावं? गुंगी, भूल की आणखी काही?

कृष्णाकाठ
एका रुग्णालयासाठी कोलोनोस्कोपीचं (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तपासणीचं) माहितीपत्रक मराठीत करतेय. सगळं झालं, एका शब्दापाशी दोन दिवस अडलेय: सिडेशन. मूळ मजकुराचा आशय असा, की शिरेतून औषध दिल्यावर पेशंटच्या डोळ्यांवर झोप येईल, पण श्वास त्याचा तोच घेईल, हाक मारली की ओ देईल, ‘कुशीवर वळा’ म्हटलं की वळेल. आणि नंतर यातलं त्याला फारसं काही आठवणार नाही. मी ‘गुंगी’ लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून ‘भूल’ केलं. त्यांच्या वरच्या बाईंनी तेही खोडून ‘अंशतः बधिरीकरण’ केलं, आणि कागद माझ्याकडे परत आला. आमच्या सांगलीकडे तापातल्या माणसाबद्दल ‘जरा गुंगी आहे’ असं सर्रास म्हणतात. तुमच्याकडे?

ऐलतीर
ताई, गुंगी नको. पेपरात हा शब्द कुठे भेटतो ते आठवा: ‘बिस्किटातून गुंगीचे औषध देऊन रेल्वेत प्रवाशाला लुटले’. माझी पणजी गिरणगावातली. गिरणीत पाळीला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी देऊन निजवायच्या, त्याला ती ‘पोर गुंगीत ठेवलं’ म्हणायची, आणि म्हणताना तिचा आवाज खाली जायचा. तो वास त्या शब्दाला आहे. सही करायच्या कागदावर मला तो चालणार नाही.

सदाफुली
‘बधिरीकरण’ तर मुळीच नको. आजीला मोतीबिंदूसाठी नेलं होतं. चौथी शिकलेली, दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची सवय. ‘बधिरीकरणशास्त्र विभाग’ अक्षर अक्षर लावून वाचलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. उठेचना. म्हणे, “डोळ्यासाठी आणलंत ना? मग कान का घालवताय?” अर्धा तास समजूत घालत होतो. ज्यांच्यासाठी पाटी लावायची त्यांच्या भाषेत बधिर म्हणजे बहिरा, हे पाटी लावणाऱ्याला कळायला हवं.

मावळतीकर
पस्तीस वर्षं भूल देतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमच्या शास्त्रात या चार पायऱ्या मानतात: हलकं सिडेशन, मध्यम, खोल, आणि शेवटी पूर्ण भूल. कृष्णाकाठ यांनी वर्णन केली आहे ती दुसरी. तिथे नुसत्या हाकेला किंवा हलक्या स्पर्शाला माणूस प्रतिसाद देतो आणि श्वासाला बाहेरून मदत लागत नाही. तिसरीत वारंवार हलवावं लागतं किंवा दुखेल असं काही करावं लागतं, आणि श्वासाला आधार लागू शकतो. चौथीत दुखवलं तरी जाग येत नाही. या पायऱ्यांना कठडे नसतात. दुसरीवरचा माणूस पाहता पाहता तिसरीवर उतरतो, म्हणून तर बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून जवळ कोणीतरी थांबायचं.

टेबलावर मी पेशंटला काय म्हणतो? “आजोबा, थोडी झोप देतो.” पण कागदावर ‘झोप’ लिहिलंत तर दुसऱ्या दिवशी तक्रार येते: “मला झोप लागलीच नव्हती, मी सगळं ऐकत होतो.” ‘भूल’ मला चालतो, कारण आमच्याकडे त्याचा अर्थ बेशुद्धी एवढाच नाही. पाठीत भूल दिलेली बाई सिझेरियन चालू असताना ‘मुलगा की मुलगी’ विचारते. दात काढायला जागेवरची भूल देतात, तेव्हा तर माणूस पूर्ण शुद्धीवर असतो.

शब्दवेडा_नाशिक
मावळतीकर सर, तुमच्या ‘भूल’वरून माझा जुना तर्क मांडतो. ईथर हुंगवून भूल देण्याचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनला झालं १६ ऑक्टोबर १८४६ ला. क्लोरोफॉर्म १८४७, एडिंबरो. पण त्याआधी, १८४५ मध्ये, हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा सर्जन रोग्यांना मेस्मेरिझमने, म्हणजे एक प्रकारच्या संमोहनाने, निश्चेष्ट करून गाठी काढत होता, आणि १८४६ मध्ये त्याला कलकत्त्यात त्यासाठी वेगळं रुग्णालयही मिळालं. म्हणजे आपल्या देशात शस्त्रक्रियेसाठी शुद्ध घालवण्याचा हा प्रकार लोकांनी आधी ‘मोहिनी’ म्हणून पाहिला, औषध मागून आलं. मराठीत भूल घालणे, भूल पाडणे हे मोहिनीचंच. म्हणून डॉक्टरही भूल ‘देतो’.

ऐलतीर
हुगळीतून शब्द इकडे कसा आला? बंगालीत तर ‘भुल’ म्हणजे चूक. आणि मोहिनी ‘घालतात’, औषध ‘देतात’. क्रियापदच तुमच्या विरुद्ध साक्ष देतंय. माझ्या आजोबांच्या पिढीत ‘क्लोरोफॉर्म हुंगवला’ म्हणत.

शब्दवेडा_नाशिक
शब्द तिकडून आला असं मी म्हटलेलंच नाही. कल्पना आधी होती, एवढंच म्हणतोय. रानात चकवा लागतो तेव्हाही ‘भूल पडली’ म्हणतात. पाय चालत असतात, डोळे उघडे असतात, पण आपण कुठे आहोत हे कळत नाही. दुसऱ्या पायरीचं याहून नेमकं वर्णन आहे का?

अमृतवेल
इतकी ओढाताण कशासाठी? ‘शामक’ हा रुळलेला पारिभाषिक शब्द आहे. शामक औषध, आणि त्याने येते ती शामकावस्था. परिभाषा वापरायचीच नाही म्हटलं तर ती रुळणार कधी? किंवा ‘तंद्रा’ घ्या. सुश्रुताने शारीरस्थानात तंद्रेचं लक्षण दिलं आहे: इंद्रियांना विषय नीट न कळणं, अंग जड होणं, जांभया, थकवा, आणि झोपेने व्याकुळ माणसासारखं वागणं. शब्द घरात असताना उसनवारी का?

सदाफुली
अमृतवेल, लोकांना शामक म्हटलं की पित्तशामक आठवतं. आणि मराठीत तंद्री लागते ती गाण्यात, वाचनात. माझ्या बाबांची विणकाम करताना लागायची. त्यात जडपणा कुठे? उलट मन एका ठिकाणी लख्ख जागं असतं, बाकीचं जग तेवढं बाहेर राहतं. सुश्रुताची तंद्रा आणि आपली तंद्री आता सख्ख्या बहिणी राहिलेल्या नाहीत.

अमृतवेल
अर्थ घसरला म्हणून घसरलेलाच धरून बसायचा, हे मला पटत नाही. ‘ग्लानी’चं तेच झालं. गीतेत धर्माची ग्लानी म्हणजे ऱ्हास, आणि आपण तापातल्या पेशंटला ग्लानी आली म्हणतो.

वर्धेकर
आमच्या वऱ्हाडात ‘डोया लागला’ म्हणतेत. डोया लागलेला माणूस हाक मारली की लगेच “हो” म्हणते. गाढ झोपला तर नाही म्हणत. तुम्हाला हवी ते पायरी हेच ना?

कृष्णाकाठ
कागद उद्या द्यायचाय. तूर्त नावच टाळलंय: ‘औषधाने झोपेसारखं वाटेल. हाक मारल्यास तुम्हाला ऐकू येईल व उत्तर देता येईल. नंतर हे आठवेलच असे नाही.’ पण शीर्षकात शब्द लागतोच, आणि तिथे अजून रिकामी जागा आहे.

मावळतीकर
हे छान झालंय. फक्त एक अडचण. मिडाझोलामसारख्या औषधाखाली माणूस माझ्याशी बोलतो, नातीचं नाव सांगतो, आणि तासाभराने विचारतो, “सुरू कधी करणार?” त्याच्या लेखी ती वीस मिनिटं नाहीतच. त्याला तुम्ही आधीच लिहून देताय की ऐकू येईल. ऐकू आलं कोणाला?

शब्दवेडा_नाशिक
म्हणूनच भूल! भुलणे, विसरणे!

ऐलतीर
विसरणे हा हिंदीतला ‘भूलना’ झाला. मराठीत आपण भुलतो ते रूपाला, बोलण्याला. ‘मी छत्री भुललो’ कोण म्हणतं?

सदाफुली
वर कृष्णाकाठने ‘डोळ्यांवर झोप येईल’ लिहिलंय, तिथे आमच्या घरी ‘झापड’ म्हणतात. दुपारी निवडायला घेतलं की आई म्हणायची, आधी झापड, मग पेंग, मग डुलकी. झापडेत हातातले खडे वेगळे पडत राहतात. पेंग आली की सूप कलतं.

वर्धेकर
पेंग आधी. झापड मंग.