कॉलवर इंग्रजी बोलताना वाक्य मधेच अडकतं, काय करू?

बार्शीकर_चाकणात
नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, दहावीपर्यंत मराठी मीडियम. मेल लिहितो, ड्रॉइंग वाचतो, समोरचा बोलला ते बऱ्यापैकी कळतं. पण दर मंगळवारी जर्मन कस्टमरचा कॉल असतो आणि रिजेक्शन का वाढलं ते मला सांगायचं असतं, तिथं गाडी बसते. डोक्यात मराठीत सगळं तयार असतं की परवाच्या लॉटमध्ये सेकंड शिफ्टला टूल झिजल्यामुळे बोअर (पार्टमधलं भोक) ओव्हरसाइज गेला, आणि हे इंग्रजीत करायला घेतलं की "यस्टरडे... नो, डे बिफोर यस्टरडे... इन द लॉट..." इथंच संपतो. मागच्या मंगळवारी साहेबांनीच माझं वाक्य पूर्ण केलं, कॉल संपल्यावर कुणी काही बोललं नाही ते जास्त लागलं.
क्लास लावून झाला. तीन महिने टेन्स घेतले आणि शेवटी माय फेवरिट फेस्टिव्हलवर भाषण. टेन्स मला लिहिताना येतातच की हो. आता म्हणतायत रोज दहा शब्द पाठ कर. खरंच उपयोग होतो का?

मिसळ_कमी_तिखट
भावा लाज सोड, ग्रामर गेलं खड्ड्यात, बिनधास्त ठोकून द्यायचं. जर्मन माणसाची तरी कुठं मातृभाषा आहे ती.

सुमनताई
मिसळ, जर्मनची पण मातृभाषा नाही हे खरंय आणि त्याने धीर येतो, पण "बिनधास्त बोल" हा सल्ला मी चौदा वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवताना रोज ऐकतेय आणि त्याने फक्त आधीच बिनधास्त असलेली पोरं बोलतात.
बार्शीकर, तुमचा प्रॉब्लेम शब्दांचा नाहीच. तुमचंच वाक्य परत बघा. मराठीत आधी कधी, मग कुठे, मग कशामुळे, आणि क्रियापद सगळ्यात शेवटी, "गेला". इंग्रजीत कोण आणि काय झालं ते पहिल्या तीन-चार शब्दांत टाकावं लागतं. तुम्ही मराठी क्रमाने निघता, म्हणून क्रियापद येईपर्यंत सगळं ओझं डोक्यावर घेऊन उभे राहता आणि मग हात भरून येतात. उलटं करा. "द बोअर वेंट ओव्हरसाइज." थांबा, श्वास घ्या. "द टूल वॉज वर्न." थांबा. "इट हॅपन्ड इन द सेकंड शिफ्ट." तीन छोटी वाक्यं, एकही चूक नाही, आणि कस्टमरला पहिल्याच वाक्यात कळलं काय झालं ते. लांब वाक्य म्हणजे चांगलं इंग्रजी हे आपल्याला निबंधाने शिकवलंय.
दुसरं, एक जुना सराव आहे, फोर-थ्री-टू म्हणतात, पॉल नेशन नावाच्या न्यूझीलंडच्या प्राध्यापकांनी त्यावर लिहिलंय. एकच विषय आधी ४ मिनिटं बोलायचा, मग तोच ३ मिनिटांत, मग तोच २ मिनिटांत, दरवेळी ऐकणारा नवा. गंमत अशी की विषय नवा नसल्यामुळे काय बोलू यात डोकं खर्ची पडत नाही, ते सगळं कसं बोलू याकडे जातं. ऐकणारा मिळाला नाही तर मोबाईलवर रेकॉर्ड करा. विषय मात्र फेस्टिव्हल नको, मंगळवारचं रिजेक्शनच घ्या. दहा शब्दांचं म्हणाल तर मी तरी सांगणार नाही, जे शब्द वाचताना कळतात तेच तोंडात आणायचेत तुम्हाला.

घाटावरचा_अण्णा
ताईंना अनुमोदन. मी उच्चारावर थोडं पाल्हाळ लावतो. मराठी माणसाला काही गोष्टी फुकट मिळाल्यात. व्हॅन आणि वाइन आपण लिहितानाच वेगळं लिहितो, फक्त व्ह म्हणताना ह लावायचा नाही, वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, आणि वाइनला दात लांब ठेवून ओठ गोल करायचे. तसंच "माझा" मधला झ बघा आणि "माझी" मधला बघा, वेगळे आहेत ना? माझा मधला इंग्रजी झेडच्या जवळचा. म्हणून झू आपल्याला नीट जमतं पण झीरो म्हणताना ई आली की जीभ सवयीने माझी वाल्या झ कडे घसरते. झीरो डिफेक्ट रोज म्हणत असाल तर लक्ष ठेवा.
पण खरी मेख जोर कुठल्या अक्षरावर यात आहे. आपण कॉम्पोनंटमध्ये "कॉम" वर जोर देतो, ते "पो" वर देतात. डेव्हलपमध्ये "व्हे" वर. जोर चुकला की समोरचा "सॉरी?" म्हणतो आणि आपल्याला वाटतं ग्रामर चुकलं. तुमच्या कामाचे वीसेक शब्द काढा, डिक्शनरीच्या साइटवर स्पीकरचं बटण असतं, ऐका आणि पाठोपाठ म्हणा. बीबीसीचं सिक्स मिनिट इंग्लिश फुकट आहे, लिहिलेला मजकूर पण मिळतो, बसमध्ये बरं पडतं. तुमचा ॲक्सेंट आहे तसा राहू द्या.

पेठेतली_पल्लवी
टोस्टमास्टर्सचा क्लब बघा, म्हणजे लोक जमून भाषणाचा सराव करतात तो, पुण्यात बरेच आहेत. टेबल टॉपिक्स म्हणून प्रकार असतो, विषय आयत्या वेळी देतात आणि १ ते २ मिनिटं बोलायचं, १ मिनिट झालं की हिरवा दिवा, दीड मिनिटाला पिवळा, २ ला लाल. एक जण नुसता तुमचे "अं" आणि "सो" मोजत बसतो. मी पहिल्या दिवशी सतरा, घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे मराठीत मोज, जास्त येतील. तिथं सगळे एकमेकांचं कौतुक जरा जास्तच करतात हे मात्र आहे.
बाय द वे "हा कितवा लॉट?" याला इंग्रजीत सरळ शब्दच नाही, मी एकदा त्यावर मिनिटभर अडकलेय. "इज धिस द थर्ड लॉट?" असं आकडा घालून विचारायचं आणि सुटायचं.

बार्शीकर_चाकणात
अपडेट, दोन मंगळवार झाले. पार्किंगमध्ये गाडीत बसून ४-३-२ केलं, सिक्युरिटीवाले काका येऊन विचारून गेले सगळं ठीक आहे ना. पहिलं रेकॉर्डिंग ऐकवत नाही, तिसरं बरं होतं. कॉलवर रिजेक्शनचा भाग न अडकता झाला, साहेब मधे पडले नाहीत. पण मग कस्टमरने विचारलं टूल चेंजची फ्रिक्वेन्सी कुणी ठरवली, याची तयारी नव्हती आणि पुन्हा तेच. प्रश्नांचं काय करायचं?

सुमनताई
प्रश्न पण ठरलेलेच असतात हो, गेल्या चार कॉलचे मिनिट्स, म्हणजे बोलण्याच्या नोंदी, काढा, त्यातले सहा-सात परत परत येत असतील. त्यांची उत्तरं याच पद्धतीने बोलून ठेवा. आणि एक वाक्य जिभेवर पाहिजे, "लेट मी चेक दॅट अँड कम बॅक टू यू." हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. फक्त संध्याकाळी खरंच मेल टाका.

मिसळ_कमी_तिखट
सिक्युरिटीवाल्या काकांना ऐकणारा म्हणून बसव की शेजारी, ताईंनी नवा ऐकणारा सांगितलाय.