वाफेच्या इंजिनाची ओढ: 85 टक्क्यांच्या सूत्रावर कितपत भरवसा ठेवायचा?

आदर्की_वळण
पुणे–सातारा–मिरज मार्ग मीटरगेज असतानाच्या गप्पा निघाल्या की त्या मार्गावरच्या आदर्कीच्या घाटात इंजिन किती लोड ओढेल याचे वाट्टेल ते आकडे येतात. सूत्र असताना अंदाज कशाला? ओढ म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग × स्ट्रोक (पिस्टनची चाल) × बॉयलरचा दाब × 0.85, भागिले चालक चाकाचा (पिस्टनने फिरणाऱ्या चाकाचा) व्यास. 0.85 म्हणजे दाबाचे 85 टक्केच धरायचे. मापं इंचात, दाब पौंड प्रति चौरस इंच. तीन सिलिंडर असतील तर दीडपट.

वायपी (YP) हे मीटरगेजचं प्रवासी इंजिन घ्या: सिलिंडर 15.25 इंच, स्ट्रोक 24, दाब 210, चाक 54. उत्तर 18,450 पौंड, म्हणजे 8.37 टन. चढ 1:100 धरला तर टनामागे 10 किलो चढाचे, 5 किलो गाडी चालती ठेवायला. 8370 भागिले 15, आले 558 टन. इंजिन-टेंडरचे सुमारे 100 वजा केले की 458. माझ्या मते वाद इथेच संपतो.

मिरज_यार्ड
संपत नाही, इथून सुरू होतो. वायपीच्या तीन चालक एक्सलवर मिळून सुमारे 32 टन. कोरड्या रुळावर पकड वजनाच्या पाव धरा, 8 टन. म्हणजे तुमचे 8.37 कोरड्यातच जास्त झाले! ओल्या रुळावर 0.15 धरलं तर 4.8 टन. शिवाय दोन सिलिंडरचा जोर चाकाच्या फेऱ्यात सारखा नसतो, शिखर सरासरीच्या सव्वापटीच्या आसपास जातं. चाक घसरतं ते त्या शिखरावर, सरासरीवर नाही.

आणि घाटात गाडी थांबली तर? साध्या बेअरिंगची गाडी जागची हलवायला टनामागे 5 नाही, 9 किलो धरावे लागतात. 5 अंशांचं वळण असेल तर आणखी 2. मिळून 21. सूत्राच्या पूर्ण ओढीनेही मागे 298 टनच निघतात, पावसात 128.

आदर्की_वळण
सँडर, म्हणजे चाकापुढे रुळावर वाळू सोडणारी नळी, कशाला असतो? दोन्ही रुळांवर कोरडी वाळू नीट पडली तर पकड 0.3 पर्यंत जाते. घसरण हा ड्रायव्हरच्या हाताचाही प्रश्न आहे, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) एकदम उघडला की कुठलंही इंजिन फिरणार.

मिरज_यार्ड
वाळू ओली असेल, नळी तुंबलेली असेल, तर? एका रुळावर पडली आणि दुसऱ्यावर नाही, तर चालक चाकं जोडणाऱ्या साइड रॉडवर येणारा ताण वेगळाच.
पकडीचं महत्त्व बघायला लांब जायला नको. 1927 मध्ये मिरजेपर्यंत आलेली बार्शी लाइट रेल्वे बघा. अडीच फुटी गेज, एक्सलवर 5 टनांची मर्यादा. चार जोडलेले एक्सल म्हणजे 20 टन, पाव धरला तर ओढ 5 टन. सिलिंडर कितीही मोठा बसवा, त्यापुढे जाणार नाही. ओढ हवी तर एक्सल वाढवा.

कोळशाचा_हिशोब
दोघेही वेग विसरलात. सूत्र फक्त सुटताना आणि रांगत्या वेगाला लागू. 0.85 मध्ये पूर्ण गिअरचा कट-ऑफ, म्हणजे पिस्टनच्या जवळजवळ पूर्ण चालीत वाफ आत येत राहणं, गृहीत आहे, वेग वाढला की कट-ऑफ कमी करावाच लागतो. 8.37 टन 40 किमी वेगाने ओढायचे तर साधारण 910 किलोवॅट लागतात. इंजिनाची कार्यक्षमता 7 टक्के धरली तर तासाला दोन टनांच्या आसपास कोळसा. वायपीची कोळसा जाळायची जाळी 28 चौरस फूट. हा कोळसा फावड्याने टाकणारा फायरमन कुठून आणणार? 40 च्या वेगाला मर्यादा बॉयलर घालतो, सिलिंडर नाही.

आदर्की_वळण
वेगाचं मान्य. पण आमचा प्रश्न चढ पार करण्याचा, वेळापत्रकाचा नाही. बारा-पंधराच्या वेगाने चढलं तरी चालेल, आणि तिथे सूत्र बसतं.

मिरज_यार्ड
मग आणखी एक गंमत बघा. चाकाचा पोलादी टायर झिजून, लेथवर टर्निंग होऊन चाक 54 चं 52 इंच झालं की तुमच्या सूत्रात ओढ 18,450 वरून 19,160 होते. म्हणजे जुनं झिजलेलं इंजिन नव्यापेक्षा ताकदवान! एक्सलवरचं वजन तर वाढलेलं नाही.

आदर्की_वळण
ताकदवान नाहीच, पण सिलिंडरचा जोर खरोखर वाढतो, त्यात चूक काय? फक्त वेग कमी होतो. मी लोडच्या तक्त्यात दोन्ही आकडे लिहायला तयार आहे: सिलिंडरचा आणि पकडीचा. लहान असेल तो वापरा.

कोळशाचा_हिशोब
आणि तिसरा रकाना बॉयलरचा, 20, 30, 40 किमीला वेगळा. आधी चढ आणि वळणं मोजा, मगच लोड ठरवा. घाट सरळ 1:100 धरून काढलेला आकडा आदर्कीला लागू नाही.