व्हिटॅमिन कुठून आलं, आणि 'क' म्हणजे सी की के?

प्रश्न : लेकीला शिकवताना अडलो. पुस्तकात 'जीवनसत्त्व क' आहे आणि पुढे 'जीवनसत्त्व के'ही आहे. यातलं सी कोणतं? आणि व्हिटॅमिन हा शब्द मुळात कुठला?

उत्तर : क म्हणजे सी. भूमितीत ए-बी-सी-डी या बिंदूंचे आपण अ-ब-क-ड करतो, तोच क्रम इथे आलाय, उच्चार पाहायचाच नाही. पुढे खरोखरचं के आलं तेव्हा क आधीच अडकलेला, म्हणून ते 'के'च राहिलं. हे के मात्र इंग्रजी क्रमातलं नव्हे. रक्त गोठण्याला जर्मनमध्ये 'कोआगुलाट्सिओन' म्हणतात, त्याचं ते आद्याक्षर.

आता व्हिटॅमिन. 1912 साली कासिमिर फुंक या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये असताना हा शब्द घडवला. सडून कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी हा रोग व्हायचा आणि तांदळाच्या कोंड्यातल्या कशाने तरी तो बरा व्हायचा. ते 'काहीतरी' अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेल्या एका गटातलं रसायन असणार, असा फुंकचा तर्क. म्हणून लॅटिन 'व्हिटा', म्हणजे जीवन, अधिक अमाइन : 'व्हिटामाइन'. (अमाइन हे अमोनियावरून, आणि अमोनिया नवसागराच्या लॅटिन नावावरून. ते नाव इजिप्तच्या आमोन देवाचं. कल्हईवाल्याच्या पुडीत देव!)

पुढे लक्षात आलं की सगळीच काही अमाइनं नाहीत. क जीवनसत्त्वात तर नायट्रोजनच नाही. तेव्हा 1920 मध्ये जॅक ड्रमंड या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञाने सुचवलं की इंग्रजी स्पेलिंगमधला (vitamine) शेवटचा 'ई' उडवा, म्हणजे अमाइनचा दावा उरणार नाही. नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं, त्यामुळे एका अक्षरावर भागलं.

प्रतिसाद : म्हणजे 'जीवनसत्त्व' जास्त अचूक! अमाइनची भानगडच नाही.

उत्तर : अगदी. शिवाय 'सत्त्व' फार चपखल. नाचणीचं सत्त्व, गुळवेलीचं सत्त्व म्हणतो तेव्हा पदार्थातून काढलेला कामाचा अंश हाच अर्थ असतो, आणि फुंक कोंड्यातून तेच काढू पाहत होता. पण त्याला अगदीच मोडीत काढू नका. बेरीबेरीवरचं ब-1, म्हणजे थायमिन, त्यात अमाइन गट आहे. ज्यावरून नाव सुचलं, तिथे ते लागू पडलं.

'सत्त्व' लिहिताना दोन त आणि त्यांना जोडून व, एवढं सांभाळा. आणि गोळ्यांबद्दल कुणाला लिहून देताना सरळ सी किंवा के लिहा. तिथे 'क' नको.