‘फिफ्टीन मिनिट्स’: खुनाची चित्रफीत विकत घेणारा निर्दोष कसा?

प्रश्न: रामदासपेठकर

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही आठ-दहा जण नागपुरात रामदासपेठेत एका मैत्रिणीकडे जमतो, एखादा जुना चित्रपट पाहतो आणि नंतर चहा घेत त्यावर बोलतो. या वेळी जॉन हर्झफेल्ड यांचा २००१ सालचा ‘फिफ्टीन मिनिट्स’ पाहिला आणि पहिल्यांदाच चहा निवेपर्यंत भांडण झाले.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. एमिल हा चेक आणि ओलेग हा रशियन, असे दोघे गुन्हेगार जुन्या लुटीतला आपला वाटा मागायला न्यूयॉर्कला येतात. साथीदाराने पैसे उडवले आहेत हे कळताच एमिल त्याला आणि त्याच्या बायकोला ठार मारतो आणि पुरावा नष्ट करण्यासाठी घर पेटवून देतो. ओलेगला मात्र सिनेमा करायचा आहे, म्हणून दुकानातून उचललेल्या कॅमेऱ्यावर तो हे सगळे टिपत राहतो. पुढे टीव्ही पाहता पाहता एमिलला युक्ती सुचते. एखाद्या प्रसिद्ध माणसाला मारायचे, त्याची चित्रफीत वाहिनीला १० लाख डॉलरला विकायची, पकडले गेल्यावर वेडाचे सोंग घ्यायचे, आणि सुटल्यावर पुस्तकाचे व सिनेमाचे हक्क विकून उरलेले आयुष्य आरामात काढायचे. त्यासाठी ते निवडतात एडी फ्लेमिंगला. हा न्यूयॉर्कचा वलयांकित पोलीस अधिकारी रॉबर्ट डी नीरो यांनी रंगवला आहे, आणि तो चित्रपटाच्या जवळजवळ मध्यावरच मारला जातो. ती फीत हॉकिन्स नावाचा निवेदक विकत घेतो आणि आपल्या कार्यक्रमात दाखवतो.

वाद असा झाला. शेवटी अग्निशमन खात्याचा तरुण तपास अधिकारी एमिलला गोळ्या घालतो, तेव्हा आमच्यातल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या चौघांत मीही होते. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “दोन तास ज्या हॉकिन्सला आपण नावे ठेवली, त्याचाच माल शेवटी आपण टाळ्या वाजवून घेतला.” यावर कोणालाच नीट उत्तर देता आले नाही.

त्यामुळे दोन प्रश्न विचारते. एक, हा चित्रपट हिंसेच्या बाजारावर खरोखर टीका करतो की त्या बाजारात स्वतःचेही दुकान मांडतो? दुसरा प्रश्न कायद्याच्या जाणकारांना आहे. एमिलची योजना अमेरिकेत किंवा आपल्याकडे खरोखर यशस्वी होऊ शकते का?

उत्तर: सीताबर्डीचा प्रेक्षक

मी हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर वर्षभराने भाड्याच्या सीडीवर पाहिला होता. तेव्हा सीताबर्डीत ‘मोदी नंबर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाजारगल्ल्यांतून सीडी मिळत आणि इंग्रजी चित्रपट बहुधा दोन तबकड्यांत विभागलेला असे. पहिली तबकडी संपत आली तेव्हा डी नीरो खुर्चीला जखडलेले होते आणि दुसरी सुरू झाल्यावर काही वेळातच ते मेले. ज्याच्या नावावर सीडी भाड्याने आणली तो नायकच अर्ध्यावर गेला, म्हणून माझा धाकटा भाऊ दुकानदाराशी भांडायला निघाला होता. आज वाटते की त्या दिग्दर्शकाचे सर्वांत धाडसी पाऊल तेच होते. मृत्यूपूर्वी एडी आपल्या मैत्रिणीला मागणी घालण्याच्या तयारीत असतो आणि ती स्वतः टीव्हीवरची वार्ताहर आहे. म्हणजे ज्या यंत्राने त्याला मोठे केले, त्याच यंत्राच्या पोटात त्याचा खासगी आनंद आणि त्याचे मरण असे दोन्ही जाते.

ताईंच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की चित्रपट अर्धा प्रामाणिक आहे. ओलेगच्या कॅमेऱ्यातून दिसणारी हिंसा हलत्या, खरखरीत चित्रांत येते आणि ती पाहताना आपण अवघडतो, कारण ती चित्रित करणारा माणूस तेथेच उभा आहे आणि काहीही न करता चौकट सांभाळतो आहे, हे आपल्याला कळत असते. शेवटचा गोळीबार मात्र दिग्दर्शकाच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातून येतो आणि तेथे हीच हिंसा न्याय म्हणून आपल्या हाती दिली जाते. तुमच्या शिक्षिकाबाईंनी नेमकी ही गफलत पकडली आहे.

एक गोष्ट मात्र चित्रपटाच्या बाजूने सांगितली पाहिजे. आपली फीत टीव्हीवर लागते तेव्हा हे दोघे एका गजबजलेल्या उपाहारगृहात बसून ती पाहतात, आणि थोड्याच वेळात त्यांच्यात भांडण पेटते ते श्रेयावरून. हा सिनेमा माझा आहे, दिग्दर्शक म्हणून माझे नाव लागले पाहिजे, हा ओलेगचा हट्ट असतो. तो अमेरिकेत येतानाच फ्रँक काप्रा यांच्या चित्रपटांचे वेड घेऊन आलेला आहे आणि हॉटेलातही त्यांचेच नाव लावतो. पैशासाठी मारणारा एमिल सरळ वाटावा इतका हा ओलेग भयंकर आहे. ओलेग मरतो तोही कॅमेरा स्वतःकडे वळवून, कारण त्याला चित्रपटाचा शेवट हवा असतो.

उत्तर: निवृत्त बातमीदार

नागपुरात मी पंचवीसहून अधिक वर्षे गुन्हेगारीचे वार्तांकन केले. कोणत्या दैनिकांत केले ते सांगण्याची आवश्यकता नाही. हा चित्रपट मी पाहिला आहे, आणि त्यात मला सर्वांत ओळखीचा वाटला तो हॉकिन्स नसून एडी होता.

हॉकिन्ससारखा पैसे मोजून फीत घेणारा माणूस मला उभ्या आयुष्यात भेटला नाही. एडी मात्र जवळजवळ प्रत्येक पोलीस ठाण्यात भेटला. आरोपीला पकडायला जाताना एडी कॅमेऱ्याला आधी कळवतो, हे आठवा. आमच्याकडे व्यवहार असाच चाले. साहेब आधी खबर देत आणि आम्ही बातमीच्या पहिल्या परिच्छेदात साहेबांचे नाव, हुद्द्यासह, ‘यांच्या मार्गदर्शनाखाली’ असे लिहीत. रोख काही जात-येत नसे, त्यामुळे आपण काही विकतो आहोत असे कोणालाच वाटत नसे.

पत्रपरिषदेची मांडणीही ठरलेली असे. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर तलवार, देशी कट्टा, मोबाइल असा जप्त मुद्देमाल ओळीने रचलेला, मागे अधिकारी खुर्च्यांवर आणि त्यांच्याही मागे काळे बुरखे घातलेले आरोपी उभे. एकदा छायाचित्रकार पुढे सरसावले तेव्हा अशाच एका बुरख्याआडून, जेमतेम विशीतल्या मुलाच्या आवाजात, मला प्रश्न आला होता, “भाऊ, उद्याच्या पेपरात येईल का जी?” त्याच्यावर चाकूने भोसकल्याचा आरोप होता. मी काही उत्तर दिले नाही, पण बातमी दिली, आणि छायाचित्रही छापून आले. पुढे तो जामिनावर सुटल्यावर वस्तीत ते कात्रण दाखवत फिरत असल्याचे त्याच ठाण्यातल्या हवालदाराने मला हसत हसत सांगितले. आज कात्रणाची गरज उरलेली नाही. तलवारीने केक कापतानाची चित्रफीत मुले स्वतःच स्टेटसवर ठेवतात, पोलीस तीच पाहून त्यांना उचलतात, आणि मग ठाण्यात हात जोडून माफी मागतानाची दुसरी चित्रफीत फिरते. पहिलीचे प्रेक्षक आणि दुसरीचे प्रेक्षक तेच असतात.

आणखी एक प्रसंग सांगतो. ३० जुलै २०१५ रोजी याकूब मेमनला नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात फाशी देण्यात आली, त्या रात्री मी वर्धा रोडवर होतो. सर्वोच्च न्यायालयात पहाटे तीननंतर सुनावणी चालू होती आणि येथे ओबी व्हॅनची, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाड्यांची, रांग लागली होती. भिंतीपलीकडचे काहीही कोणाला दिसत नव्हते. तरीही प्रत्येक वाहिनीचा प्रतिनिधी त्या भिंतीकडे पाठ करून बोलत होता आणि थेट प्रक्षेपण भिंतीचे होत होते. एक तरुण वार्ताहर, दिल्लीहून आलेला, दोन ‘लाइव्ह’च्या मध्ये मला विचारत होता की येथे पोहे किती वाजता मिळतात. त्याला मी दोष देत नाही. रात्रभर उभा होता बिचारा आणि मलाही भूक लागली होती.

उत्तर: सिव्हिल लाइन्सचा वकील

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या परीने देतो.

एमिलच्या योजनेला तीन पाय आहेत: वेडाचा बचाव, एकदा सुटल्यावर पुन्हा खटला न चालणे, आणि गुन्ह्याच्या कथेतून मिळणारा पैसा. अमेरिकेत दुसरा पाय पक्का आहे. तेथे निर्दोष मुक्तता झाली की सरकारला त्याविरुद्ध अपील करता येत नाही. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (२) नुसार एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा होऊ शकत नाही हे खरे, परंतु सत्र न्यायालयाने निर्दोष सोडले तरी राज्य सरकार उच्च न्यायालयात अपील करू शकते आणि तेथे निकाल फिरू शकतो. एमिल नागपुरात असता तर सत्र न्यायालयातून सुटल्यावर त्याला येथील खंडपीठात पुन्हा उभे राहावे लागले असते.

वेडाच्या बचावाबाबत सामान्य समज बराच चुकीचा आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ यांचे मूळ इंग्लंडमधील १८४३ च्या मॅकनॉटन नियमांत आहे. आरोपीला मानसिक आजार आहे एवढे पुरत नाही. कृत्य करतेवेळी त्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा बेकायदा आहे हे कळण्यास तो असमर्थ होता, हे त्याला दाखवावे लागते, आणि तसे दाखवण्याचा भार त्याच्यावरच असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली दह्याभाई ठक्कर खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. त्यामुळे कृत्यापूर्वीची तयारी आणि नंतरची लपवाछपवी यांना फार महत्त्व येते. ज्याने पुरावा नष्ट करण्यासाठी घर पेटवले, त्याला आपले कृत्य बेकायदा आहे हे कळत होते, असे कोणताही सरकारी वकील पहिल्याच दिवशी म्हणेल. शिवाय हा बचाव मान्य झाला तरी आरोपी थेट घरी जात नाही, त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याची तरतूद आहे. चित्रपटात एमिल शहाणा आहे हे अखेर ओलेगच्याच फितीतून उघड होते, म्हणजे विकायला काढलेला माल विक्रेत्यावरच उलटतो. जाता जाता, चित्रपटात एमिलचे वकीलपत्र घेणारे ब्रूस कटलर हे प्रत्यक्षातही वकीलच आहेत. माफिया म्होरक्या जॉन गॉटी याचे ते वकील होते आणि येथे त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आहे. प्रसिद्धीवर टीका करणाऱ्या चित्रपटाला त्यांचीच प्रसिद्धी वापरावीशी वाटली, याची मला गंमत वाटते.

तिसरा पाय सर्वांत गुंतागुंतीचा आहे. न्यूयॉर्क राज्याने १९७७ साली, डेव्हिड बर्कोविट्झ या मालिकाखुन्याच्या प्रकरणानंतर, गुन्हेगाराने आपली कथा विकून मिळवलेला पैसा पीडितांसाठी वळता करणारा कायदा केला. तो १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला आणि राज्याला २००१ साली, म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी, वेगळ्या स्वरूपाचा कायदा करावा लागला. आपल्याकडे त्या धर्तीवरचा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. उलट १९९४ च्या राजगोपाल खटल्यात, तमिळनाडूतील ऑटो शंकर या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचे आत्मचरित्र एका नियतकालिकाने छापू नये असा शासनाचा आग्रह होता, तेव्हा प्रकाशनापूर्वीच असा प्रतिबंध करण्याचा अधिकार शासनाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मराठी वाचकाला इतके लांब जाण्याचेही कारण नाही. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील दोषी मुनव्वर शाह याचे आत्मकथन वाचलेले अनेक जण येथे असतील.

रामदासपेठकर

वकीलसाहेब, काका आणि सीताबर्डीकर, तिघांचेही आभार. काकांनी लिहिलेला बुरख्याआडचा प्रश्न मी आमच्या शिक्षिकाबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारले की त्या मुलाचे पुढे काय झाले. काकांना ठाऊक असल्यास त्यांनी अवश्य सांगावे.

वकीलसाहेबांना एक उपप्रश्न आहे. एमिल तर अडकला, पण हॉकिन्सचे काय? खुनी स्वतः फीत घेऊन येतो, हा त्याला भेटतो, मोबदला देतो आणि खून देशाला दाखवतो. चित्रपटात त्याला अखेर एक ठोसा तेवढा मिळतो. आपल्याकडे त्याच्यावर कोणता गुन्हा दाखल होईल?

सिव्हिल लाइन्सचा वकील

खुनाच्या कटात तो नव्हता, त्यामुळे मुख्य गुन्हा त्याला चिकटवणे कठीण आहे. प्रक्षेपणाबद्दल केबल टीव्हीच्या कायद्याखालील कार्यक्रम संहितेचा भंग निघू शकेल. खुनाची माहिती पोलिसांना देणे प्रत्येक नागरिकावर बंधनकारक आहे आणि हेतुपुरस्सर ती न दिल्यास न्याय संहितेचे कलम २३९ लागते. अर्थात खून झाल्याचे पोलिसांना आधीच ठाऊक होते, मी नवे काय लपवले, असा बचाव त्याचा वकील घेईल आणि तो अगदीच टाकाऊ नाही. बचाव फेटाळला गेला असे धरले, तरी त्या कलमाखाली कमाल शिक्षा सहा महिने कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढीच आहे.