शरदातले रविवार: उपासना किती आणि कार्यक्रम किती?

शेवटचा_बाक (धागाकर्ता)

सप्टेंबर उजाडला की आमच्या कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) सूचनाफलकावर टाचणी टोचायला जागा उरत नाही. हंगामाचा (नव्या पिकाबद्दल आभार मानायचा) रविवार, त्याचं सहभोजन, त्यानंतरचा लिलाव, ऑक्टोबरभर रोज संध्याकाळी जपमाळ, मिशन रविवार, १ नोव्हेंबरला सकल संत, २ ला मृतांचं स्मरण, मग ख्रिस्तराजाचा सण. आगमनकाळ (नाताळआधीचे चार आठवडे) लागायच्या आतच नाताळच्या गाण्यांच्या तालमी. सण भरपूर आहेत याबद्दल तक्रार नाही. आपला जीव कशात अडकतो ते बघा, एवढंच म्हणतोय.

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मंडप कुठे घालायचा, जेवणाच्या पाळ्या किती, लिलाव कोण पुकारणार यावर तास गेला. वाचनं कोण करणार आणि मृतांची नावं कशी वाचायची हे विषय 'आयत्या वेळच्या' यादीत. त्याचा परिणाम २ नोव्हेंबरला दिसला. नावांची यादी लांबलचक, वाचणाऱ्याला घाई. माझ्या पुढच्या बाकावर एक बाई नवऱ्याचं नाव यायची वाट बघत मान वर करून बसल्या होत्या. नाव आलं, पण वाचणाऱ्याने श्वास न घेता पुढचं नाव त्याला जोडलं. बाईंनी शेजारणीला विचारलं, "झालं का?"

माझं म्हणणं: सहभोजन साधं करा, लिलाव बंद करा, आणि वाचलेली ताकद जपमाळेला व २ नोव्हेंबरला लावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवरच्या संविधानात (कलम १०) उपासना हे चर्चच्या सगळ्या कार्याचं शिखर आणि उगम असल्याचं सांगितलं. आपण त्या शिखरावर मंडप घालून जेवायला बसलोय.

हिशेबनीस

जेवायला बसलोय म्हणून छप्पर गळत नाही. रविवारच्या दानपेटीत दिव्यांचं बिल निघतं, फार तर फुलांचं. बाकीचं कुठून येतं हे शेवटच्या बाकावरून दिसत नसावं. लिलाव बंद करायला माझी ना नाही, तेवढी रक्कम वर्गणीतून द्यायला किती जण तयार आहेत ते सांगा. शिखर, उगम सगळं मान्य. गवंड्याला मात्र रोख लागते.

जुनी_गायिका

नावांबद्दल शंभर टक्के सहमत. लिलावाबद्दल नाही. तो गमतीचा भाग असतो, मुलं त्यासाठीच थांबतात.

शेवटचा_बाक

@हिशेबनीस, पैशाचाच विषय काढलात तर नियमही काढू. हंगामाच्या रविवारी लोक वेदीच्या पायरीशी धान्य, भाजी, डबे आणून ठेवतात ते गरजूंसाठी म्हणून. फादर प्रार्थनेतही तसंच म्हणतात. अर्ध्या तासाने तोच माल लिलावात आणि पैसे छपराला! चर्चच्या कायद्यात, कॅनन (कलम) १२६७ च्या तिसऱ्या परिच्छेदात सरळ म्हटलंय की विशिष्ट हेतूने दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरायचं.

हिशेबनीस

मग फलकावर ठळक अक्षरांत लिहू: 'कोरडं धान्य व डबे गरजूंसाठी, ताजी भाजी लिलावात, पैसे छपरासाठी'. आधी सांगून घेतलं की कॅननही खूश आणि गवंडीही. ताजी भाजी वाटपापर्यंत टिकत नाही हे मी अनुभवाने सांगतो. पायरीवर ठेवलेला भोपळा वरून चकचकीत दिसतो. मंगळवारी उचलायला गेलं की खालून बोट आत जातं आणि दगडावर पिवळा डाग राहतो. तो डाग खरवडायला उपासनेवर निबंध लिहिणारं कुणी येत नाही.

पाळकाचा_मुलगा

मी प्रोटेस्टंट, त्यामुळे जपमाळेच्या वादात पडत नाही. पण हंगामाचा सण आमच्याकडेही थाटात होतो, म्हणून बोलतो. धागाकर्त्यांनी उपासना एका बाजूला आणि जेवण दुसऱ्या बाजूला अशी वाटणी केली आहे, ती शास्त्रात सापडत नाही. बायबलातल्या 'अनुवाद' पुस्तकाचा २६ वा अध्याय वाचा. पहिल्या पिकाची परडी याजकाच्या हाती द्यायची, ती वेदीपुढे ठेवली जाते. मग शेतकऱ्याने आपल्या पूर्वजांची गोष्ट तोंडाने सांगायची: भटके होतो, गुलाम झालो, सुटलो, ही भूमी मिळाली. त्यानंतर लगेच अकराव्या ओवीत, लेवी (मंदिरसेवा करणारे) आणि तुमच्यातला उपरी (परका) यांच्यासह आनंद करा. परडी, कबुली आणि पंगत हा एकच विधी आहे.

त्याहून मजेशीर बायबलातलंच लेवीय २३. तो अध्याय म्हणजे सणांची यादी: वल्हांडण, सप्ताहांचा सण, कर्णे, प्रायश्चित्त, मांडव. तारखा आणि बळी यांचा तपशील चालू असताना बाविसाव्या ओवीत मध्येच येतं की शेताचे कोपरे कापू नका, सांडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या. एखाद्याला वाटेल ओवी चुकून इथे पडली. मला वाटतं ती मुद्दाम तिथे आहे. सणाच्या तारखेइतकंच शेताच्या कोपऱ्याला महत्त्व दिलंय.

तळटीप_वाचणारी

@पाळकाचा_मुलगा, हे छान, पण करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ११ सोयीस्कर विसरलात. तिथेही उपासना आणि जेवण एकत्रच होतं. निष्पन्न काय झालं? काहींनी आधीच हात मारला, काही उपाशी राहिले, काही चढवून बसले, आणि पत्र लिहिणाऱ्या पौलाने विचारलं की खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत का. एकत्र जेवलं की आपोआप समाज तयार होतो ही भाबडी समजूत आहे. आमच्या सहभोजनात कौन्सिलवाल्यांचं टेबल ठरलेलं असतं. पाटी लावलेली नसते, पण तिथे दुसरं कुणी बसत नाही.

जुनी_गायिका

थोडा इतिहास मीही सांगते. चर्चमधला हंगामाचा सण आज ज्या रूपात दिसतो ते रूप फार जुनं नाही. इंग्लंडात पीक घरात आलं की मालकाने मजुरांना जेवण घालायची पद्धत शेतावर फार पूर्वीपासून होती, आणि त्या जेवणात दारूही भरपूर असायची. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८४३ च्या ऑक्टोबरात गावकऱ्यांना चर्चमध्ये उपकारस्तुतीला बोलावलं आणि नव्या धान्याची भाकर प्रभुभोजनासाठी वापरली. तिथून ही प्रथा पसरली. म्हणजे क्रम बघा, आधी जेवण होतं, उपासना मागून आली. जेवणाला उपरं ठरवू नका.

शेवटचा_बाक

बाई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! हॉकरने जेवण वेदीपाशी आणलं. आम्ही वेदीवरून उचलून पुन्हा लिलावात नेतोय.

दक्षिणायन

या सगळ्या चर्चेत 'शरद' शब्द ज्या खात्रीने वापरला जातोय ते वाचून करमणूक झाली. मी दक्षिण गोलार्धात राहतो. इथे ऑक्टोबर म्हणजे वसंत. हंगामाचा सण आमच्याकडे साधारण मार्चच्या आसपास, तोही ईस्टरआधीच्या उपवासकाळाला खेटून, त्यामुळे थाटमाट आपोआप आटोक्यात. पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) पानगळीत येतो आणि मृतांचं स्मरण फुलांच्या दिवसांत. सुरुवातीला विचित्र वाटतं, मग कळतं की यातल्या बहुतेक तारखांचा ऋतूशी संबंधच नाही.

जपमाळ ऑक्टोबरात का? ७ ऑक्टोबर १५७१ ला लेपांतोच्या समुद्रावरच्या लढाईत ख्रिस्ती आरमाराने तुर्कांना हरवलं, पोप पाचवे पायस यांनी तो विजय मारियामातेच्या नावे केला, आणि १८८३ साली पोप तेराव्या लिओंनी अख्खा महिना जपमाळेला दिला. ख्रिस्तराजाचा सण तर १९२५ चा, अकराव्या पायसांनी सुरू केलेला. आधी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असायचा, १९६९ च्या फेररचनेत आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी गेला. कॅलेंडर माणसांनीच केलंय, गरजेप्रमाणे हलवलंय. तेव्हा 'हे असंच चालत आलंय' हे वाक्य दोन्ही बाजूंनी जपून वापरा.

पाळकाचा_मुलगा

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार मोकळा केलात ते बरं झालं, आमचा धर्मसुधारणेचा रविवार तोच. 🙂

नवीन_आलेला

मी इथे फारसं लिहीत नाही. पण जेवण कमी करा म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. मी या धर्मग्रामात आलो तेव्हा कुणालाच ओळखत नव्हतो. मिस्सेत (रविवारच्या मुख्य उपासनेत) मागे उभा राहायचो. शांतीची देवाणघेवाण करताना शेजारचा हात पुढे यायचा आणि लगेच सुटायचा, नजर तोवर पुढच्या माणसाकडे गेलेली असायची. मिस्सा संपली की सगळे आपापल्या घोळक्यात, मी फाटकाबाहेर. कितीतरी रविवार असेच गेले.

हंगामाच्या जेवणाला भांडी विसळायला माणूस कमी पडला म्हणून कुणीतरी मला बाही धरून ओढलं. एकाने साबण लावायचा, मी विसळायचं, तिसऱ्याने पुसून रचायचं. तिसरे गृहस्थ ताट परत माझ्याकडे सारायचे, "कडेला बघा, भात राहिलाय." त्यांनी माझं नाव विचारलं, मी कुठून आलो ते विचारलं, आणि पुढच्या रविवारी त्यांच्या बाकावर मला जागा ठेवली होती. उपासना शिखर असेलही. वर चढायची पायवाट मला मोरीतून सापडली.

तळटीप_वाचणारी

हा प्रतिसाद आवडला. पण हेही लक्षात घ्या की तुम्हाला माणसं मोरीत भेटली, मंडपात नाही. लिलावात तर नाहीच.

हिशेबनीस

मंडप नसता तर मोरीत ताटं कुठून आली असती?

जुनी_गायिका

मला दोन्हीकडचे मुद्दे पटतात असं म्हणून पळ काढणार नाही, माझा कल सांगते. ऑक्टोबरच्या जपमाळेला आमच्याकडे मोजकी डोकी असतात. दिवस लहान होत जातात, महिनाअखेरीला तर काळोखातच सुरुवात. गाणं नाही, भाषण नाही, खायला काही नाही. तीच माणसं, त्याच जागा, तीच गूढं (जपमाळेचे टप्पे). बाहेरून बघणाऱ्याला हा कार्यक्रम पडलेला वाटेल. पण एखादी बाई दोन संध्याकाळी दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या दारात उभी असते. एकदा अशीच चौकशी करायला गेलेली बाई तिला दवाखान्यात घेऊनच गेली. सहभोजनाला शेकड्याने माणसं येतात, तिथे कोण आलं नाही हे कुणाच्या लक्षात येतं? म्हणून धागाकर्त्यांना विनंती, जपमाळेत गर्दी जमवायचं मनावर घेऊ नका. ती लहान आहे म्हणून चालतेय.

शेवटचा_बाक

जपमाळेला ताकद लावा म्हणजे गर्दी करा असा अर्थ नव्हता. दार उघडायला आणि दिवा लावायला माणूस ठरवून द्या, एवढंच. सध्या किल्ली कुणाकडे आहे ते विचारण्यात पहिलं गूढ संपतं.

बरं, नवीन_आलेला यांचं ऐकून जेवणाचा मुद्दा मी सोडतो. लिलावाचा नाही. आणि नावांच्या यादीचं काय ते बोला, कारण त्यावर सगळे 'सहमत' म्हणून पुढे गेलेत.

दक्षिणायन

आमच्याकडे २ नोव्हेंबरला फक्त त्या वर्षात गेलेल्यांची नावं वाचतात, प्रत्येकामागे एक मेणबत्ती. बाकीच्यांची वही महिनाभर वेदीजवळ उघडी ठेवतात.

हिशेबनीस

आमच्याकडे हे चालणार नाही. यादीतून आजोबांचं नाव गाळलं तर घरचे वर्षभर बोलत नाहीत. मी हे भोगलंय. शिवाय वीस वर्षांपूर्वी गेलेल्यांना मेणबत्ती नाही आणि परवा गेलेल्यांना आहे, हे कोणत्या तत्त्वात बसतं?

तळटीप_वाचणारी

गाळायची गरजच नाही. मृतांचा हा दिवस फ्रान्समधल्या क्लूनीचे मठाधिपती ओडिलो यांनी ९९८ च्या सुमारास आपल्या मठांमध्ये सुरू केला आणि तिथून सगळीकडे गेला. पुढे १९१५ मध्ये, महायुद्धात माणसं पटापट मरत असताना, पोप पंधराव्या बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला या दिवशी तीन मिस्सा अर्पण करायची मुभा दिली. ती मुभा आजही आहे. आपल्याकडे एकच मिस्सा होते आणि सगळी नावं तिच्यातच कोंबली जातात. तीन मिस्सांत यादी वाटून टाका: सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कुणाचं नाव कधी आहे ते आदल्या रविवारी फलकावर लावा. प्रत्येक वेळी एक तृतीयांश नावं, सावकाश.

जुनी_गायिका

आणि वाचणारे दोन ठेवा, आळीपाळीने. एकाचा आवाज दहाव्या नावानंतर सपाट होतो, गाणारीला विचारा. आडनावांचे उच्चार आदल्या दिवशी घरच्यांना फोन करून पक्के करायचे.

शेवटचा_बाक

तीन मिस्सांची कल्पना कौन्सिलमध्ये मांडतो. आयत्या वेळच्या विषयात नाही, पहिल्या क्रमांकावर.

हिशेबनीस

मांडा. पण कॅनन तुम्हीच काढलात म्हणून आठवण करून देतो, कॅनन ५३६ प्रमाणे कौन्सिलचं मत फक्त सल्ल्यापुरतं असतं. ठरवणार फादर. त्यांना एकाच दिवशी तीन मिस्सा आणि मध्ये स्मशानभूमीतला आशीर्वादही करायचाय, तेव्हा आधी त्यांची तब्येत विचारून घ्या. फोन करायचं काम मी घेतो, बहुतेक घरांचे नंबर वर्गणीच्या वहीत आहेतच. आणि लिलावाचा विषय त्याच बैठकीत आणणार असाल तर मलाही पाच मिनिटं हवीत, छपराचे फोटो घेऊन येतोय.