दाढीनंतरची जळजळ आणि तीन वस्तू: पुरुषांच्या त्वचेच्या निगेचे अनुभव

गेल्या आठवड्यात माळ्यावरची पेटी आवरताना वडिलांचा दाढीचा डबा हाती लागला. ब्रशचे केस झडलेले होते, आरशाचा पारा उडालेला होता. परंतु झाकण उघडताच जो वास आला, त्याने मी क्षणभर दहा वर्षांचा झालो. दाढी आटोपली की वडील अंगाच्याच साबणाने तोंड धूत, वर आफ्टरशेव थापत आणि डोळे घट्ट मिटून म्हणत, "झोंबले, म्हणजे काम झाले." हे वाक्य मी पुढे पंचवीस वर्षे प्रमाण मानले. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटला नाही, तर तो स्वच्छच झाला नाही, अशी माझी समजूत होती. नेहमीच्या साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ९ ते १० असतो आणि त्वचेच्या पृष्ठभागाचा साधारण ५, हे मला ठाऊक नव्हते. दिवसातून तीन वेळा साबण चोळून त्वचेचे संरक्षक स्निग्ध आवरण मी स्वतःच्या हाताने खरवडून काढत होतो आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना सुटणाऱ्या पापुद्र्यांचा दोष हवेला देत होतो.

एकेचाळिसाव्या वर्षी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठीवर तीनच ओळी लिहिल्या: सौम्य फेसवॉश, बिनवासाचे मॉइश्चरायझर आणि सकाळी किमान ३० एसपीएफचे (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) सनस्क्रीन. "आणखी काही?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "एवढे सहा आठवडे करून दाखवा, मग बोलू." त्यांचे म्हणणे खरेच होते, कारण पहिल्या आठवड्यातच दोन दिवस विसरलो. आपण कोणत्या चुका केल्या, कमी खर्चात काय जमले आणि काय टिकले, ते कृपया या धाग्यावर लिहावे.

*

मी यजमानांचा अनुभव लिहिते, कारण ते स्वतः कधीच लिहिणार नाहीत. माझ्या मॉइश्चरायझरची बाटली दोन महिन्यांऐवजी तीन आठवड्यांत संपू लागली, तेव्हा प्रथम मुलांवर संशय घेतला. शेवटी एका रात्री गृहस्थ दिवा न लावता ती बाटली दाबताना सापडले. दुकानात जाऊन मागायची लाज वाटते, असे त्यांचे म्हणणे पडले. "पुरुषांसाठी" असे लिहिलेल्या काळ्या बाटलीत आणि माझ्या बाटलीत बहुधा वास व वेष्टन यांपलीकडे फारसा फरक नसतो, हे मी त्यांना घटक वाचून दाखवले. पुरुषांची त्वचा साधारणपणे अधिक जाड आणि अधिक तेलकट असते, हे खरे आहे. म्हणून त्यांना दाट क्रीमऐवजी पातळ लोशन किंवा जेल मानवते, एवढेच. आता घरात एकच मोठी, पंपाची बाटली दात घासण्याच्या ब्रशाशेजारी उभी असते. ती तिथे असल्यामुळेच वापरली जाते. कपाटात ठेवली असती तर इतिहासजमा झाली असती.

*

बावीस वर्षे मालवाहू गाडी चालवतो आहे. माझ्या खिडकीकडच्या गालावर काळपट डाग आणि बारीक सुरकुत्या आहेत, तर दुसरा गाल पाच-सात वर्षांनी लहान दिसतो. मी हे थट्टेवारी नेत असे. पुढे मुलीने एक छायाचित्र दाखवले, जे २०१२ साली "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन"मध्ये प्रसिद्ध झाले होते. ६९ वर्षांच्या, २८ वर्षे ट्रक चालवलेल्या एका माणसाच्या चेहऱ्याचा खिडकीकडचा अर्धा भाग लोंबलेला आणि खोल सुरकुत्यांनी भरलेला, तर दुसरा अर्धा पुष्कळसा शाबूत. ते पाहिल्यावर हसू मावळले.

उन्हातले त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण काच बहुतांशी अडवते, परंतु खोलवर जाऊन त्वचा जीर्ण करणारे यूव्हीए किरण बाजूच्या साध्या काचेतून आत येतात. म्हणून नुसता एसपीएफचा आकडा पाहून भागत नाही; सनस्क्रीनच्या ट्यूबवर "ब्रॉड स्पेक्ट्रम", म्हणजे दोन्ही किरणांपासून संरक्षण देणारे, असे लिहिलेले हवे. ट्यूब गाडीत ठेवू नये, उन्हाने तापलेल्या गाडीत ते औषध निकामी होऊ शकते. मी ती जेवणाच्या पिशवीत ठेवतो आणि दर दोन तासांनी, गाडी थांबली की पुन्हा लावतो. सोबतचा मदतनीस पहिले काही दिवस मला "नवरदेव" म्हणत असे. आता तोही मागून घेतो.

*

ज्यांचे कपाळ मानेपर्यंत पोहोचले आहे, त्यांनी सनस्क्रीन कुठे थांबवावे, याबद्दल कोणीही लिहीत नाही. मी पहिल्या वर्षी भुवयांच्या वर चार बोटांपर्यंत लावले आणि उरलेले टक्कल भाजून निघाले. कानांच्या पाळ्याही त्याच दिवशी सोलल्या. पूर्ण डोक्याला लावले की मात्र घामाबरोबर ते डोळ्यांत उतरते आणि भर रस्त्यात माणूस रडताना दिसतो. यावर कोणाकडे उपाय आहे का?

*

हा अनुभव यापूर्वी कोठेही लिहिलेला नाही. महाविद्यालयात असताना चेहऱ्यावर मुरुमांचे डाग होते आणि वसतिगृहातील एका मित्राने एक छोटी, अत्यंत स्वस्त ट्यूब दिली. चौथ्या दिवशी चेहरा उजळला, मुरूम बसले. मी ती रोज, दोन वेळा, जवळजवळ आठ महिने लावली. मग एकदा सुटीत गावी जाताना ट्यूब विसरलो. तिसऱ्या दिवशी चेहरा लालभडक झाला, आग होऊ लागली आणि पूर्वीपेक्षा दुप्पट मुरूम उठले. परत आल्यावर ट्यूब लावली की शांत, थांबवली की पुन्हा आग, असे चक्र सुरू झाले. गालांवर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागल्या, तेव्हा कोठे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूब उलटी करून घटकांतील एका शब्दावर बोट ठेवले: क्लोबेटासोल. ते अत्यंत तीव्र स्टिरॉइड आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आजारांत, ठरावीक दिवस वापरायचे औषध मी चेहऱ्याला रोजच्या क्रीमसारखे चोळत होतो आणि त्याने त्वचा पातळ झाली होती.

त्यातून बाहेर यायला वर्ष गेले. पहिले दोन महिने आरशात पाहवत नव्हते. त्या काळात मला फक्त साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावायची परवानगी होती, बाकी सर्व औषध डॉक्टर देतील तेवढेच. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव दिसले, तर ती ट्यूब कोणी कितीही प्रेमाने दिली तरी स्वतःच्या मनाने चेहऱ्यावर लावू नये. मित्राचा यात दोष नव्हता. तोही तीच लावत होता.

*

वरील अनुभव वाचून फार वाईट वाटले. आपण तो लिहिलात, याबद्दल आभार. मुरुमांसाठी मला डॉक्टरांनी २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड दिले होते. जास्त टक्क्यांचे अधिक गुणकारी असेल, असे समजून मी स्वतःहून १० टक्क्यांचे आणले. गुण तेवढाच आला, सोलपटे मात्र भरपूर निघाली. शिवाय त्याने कापडाचा रंग उडतो, हे कोणी सांगितले नव्हते. घरातील सर्व निळ्या टॉवेलांवर आता माझ्या चेहऱ्याचा पांढरा ठसा आहे.

*

माझे केस कुरळे आहेत आणि मानेवर दाढीनंतर हमखास फोड येत. संसर्ग समजून मी जंतुनाशक लावत राहिलो. प्रत्यक्षात खोल कापलेला कुरळा केस वळून पुन्हा त्वचेत घुसतो आणि तिथे सूज येते. कातडी ताणून, उलट्या दिशेने, पाच पात्यांच्या रेझरने गुळगुळीत दाढी करण्याचा माझा अट्टहासच मुळाशी होता. आता आंघोळीनंतर, केस मऊ असताना, एका पात्याने आणि केसांच्या दिशेनेच दाढी करतो. हात फिरवला की थोडे खरखरते, पण मान शांत आहे. पाती स्वस्त पडतात, हा वरचा लाभ.

*

धागा उघडताना एवढे मोकळेपणाने लिहिले जाईल, असे वाटले नव्हते. खर्चाविषयी दोघांनी निरोप पाठवून विचारले, म्हणून लिहितो. टोनर, स्क्रब आणि डोळ्यांखालचे क्रीम मी कधीच घेतले नाही आणि काही अडले नाही. ओठ व फुटलेल्या टाचांसाठी साधी पेट्रोलियम जेली पुरते. १८७२ साली पेटंट घेतलेली ही वस्तू आजही त्वचेतील पाणी उडू न देण्यात अव्वल आहे. मॉइश्चरायझर ओलसर चेहऱ्यावर लावले, की कमी लागते. काटकसर सनस्क्रीनच्या मात्रेत मात्र करू नये. तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेषा, एवढे चेहरा व मान यांना लागते. मी वाटाण्याएवढे लावून वर्षभर संरक्षणाच्या भ्रमात होतो.

*

टक्कलवाल्या मित्रांना उत्तर द्यायचे राहिले. कपाळाला आणि डोळ्यांभोवती कांडीच्या स्वरूपातले सनस्क्रीन लावून पाहा, ते कमी ओघळते. डोक्यासाठी मी इतकी वर्षे गाडी चालवून एकच खात्रीचा उपाय शोधला आहे, तो म्हणजे रुंद काठाची टोपी.

*

टोपी आहे. तीही कालच वाऱ्याने उडाली. कांडी आणतो.